ॲटिट्यूड आहे, पण कशाकडे?

बेळगावातल्या कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये पाच मिनिटं बसा. ‘लई ॲटिट्यूड दाखवायलाय बघ’ हे वाक्य कुणाबद्दल तरी कानावर पडणारच. कुणी हाक मारल्यावर वळून बघितलं नाही, कुणी व्हॉट्सॲपला दोन दिवस उत्तर दिलं नाही, कुणी नवी बुलेट घेतल्यापासून गोगटे सर्कलला ओळखच देईना झाला. एवढं पुरतं.

याच जिल्ह्यात हा शब्द रोज इतर कामांसाठीही राबत असतो. सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरणारा पायलट विमानाचा ॲटिट्यूड बघत असतो. नर्सिंगची मुलगी लेबर रूममध्ये पोटातल्या बाळाचा ॲटिट्यूड शिकते. गोकाकच्या धबधब्याशी सहलीला आलेला भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी वहीत खडकाचा ॲटिट्यूड लिहून घेतो. आणि टिळकवाडीतल्या एखाद्या खोलीत यूपीएससीचा अभ्यास करणारा पोरगा सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरसाठी माणसाचा ॲटिट्यूड पाठ करत बसलेला असतो. २०१३ पासून तो अभ्यासक्रमातच आहे. यांपैकी कुणालाही ‘माज’ म्हणायचं नसतं.

तरी हे सगळे अर्थ एकमेकांना अनोळखी नाहीत. जिथं जिथं हा शब्द नीट कामाला लावलाय, तिथं त्याच्यासोबत एक प्रश्न येतोच: कशाच्या मानानं? कशाकडे? क्षितिजाच्या मानानं, उत्तर दिशेच्या मानानं, ताऱ्यांच्या मानानं, अमुक एका गोष्टीकडे. कँटीनमधल्या ॲटिट्यूडमधून नेमका तेवढाच प्रश्न गळालाय. तिथं तो माणसाला ‘असतो’ किंवा ‘नसतो’, वजन किंवा उंची असावी तसा.

शब्दाची कुंडली लांबवत नाही. मूळ लॅटिन, तिथून इटालियन, मग फ्रेंच आणि सतराव्या शतकात इंग्रजी. बँकेच्या परीक्षेतला ‘ॲप्टिट्यूड’ हा त्याचा सख्खा भाऊ. इंग्रजीत शिरला तेव्हा तो चित्रकार-शिल्पकारांच्या बोलण्यातला शब्द होता. पुतळ्यातली आकृती कशी उभी आहे, भार कुठल्या पायावर, मान कुणीकडे, हे म्हणजे तिचा ॲटिट्यूड. बॅले नृत्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. एका पायावर उभं राहून दुसरा पाय गुडघ्यात वाकवून उचलायचा, त्या मुद्रेचं नावच ॲटिट्यूड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्लो ब्लासिस या इटालियन नृत्यगुरूनं ती जांबोलोन्या या शिल्पकारानं घडवलेल्या उडत्या मर्क्युरी देवाच्या पुतळ्यावरून घेतली.

शरीराच्या ठेवणीपासून मनाच्या ठेवणीपर्यंतचा हा प्रवास आपल्याला नवा नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात पैलवान पवित्रा घेतो तो पायांनी आणि खांद्यांनी. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘महापालिकेत विरोधकांचा आक्रमक पवित्रा’ असं छापून येतं, तेव्हा कुणी लांग कसलेली नसते. पण पवित्रा समोरचा बघूनच घेतला जातो, हे दोन्हीकडे खरं. समोर कुणी नसताना घेतलेला पवित्रा हा व्यायाम झाला.

आता विमान. इथं जरा थांबू, कारण या शब्दाचा सगळ्यात काटेकोर आणि कधी कधी जिवावर बेतणारा वापर इथंच आहे.

हवेतल्या विमानाला तीन प्रकारे फिरता येतं. नाक वर-खाली होतं, त्याला पिच म्हणतात. एक पंख खाली आणि दुसरा वर जातो, तो रोल. नाक डावी-उजवीकडे वळतं, तो यॉ. विमान किती उंचीवर आहे, किती वेगात आहे, कुठल्या गावावर आहे, याचा ॲटिट्यूडशी संबंध नाही. आहे त्या जागी ते कसं कललेलं आहे, एवढंच त्यात येतं. कशाच्या मानानं? क्षितिजाच्या. स्वच्छ हवेत पायलट खिडकीतून बाहेर बघतो आणि त्याला ते दिसतं. जुलैत सांबऱ्यावर ढग टेकलेले असतात तेव्हा खिडकीत नुसता पांढरा कापूस असतो.

मग अंगाला कळत नाही का, आपण तिरके झालोय ते? नाही कळत, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. कानाच्या आत द्रव भरलेल्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की नळी वळते, द्रव थोडा मागे राहतो, आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला वळण कळतं. पण वळण एकसारखं चालू राहिलं तर थोड्याच वेळात द्रवही नळीच्या गतीनं फिरू लागतो, केस सरळ होतात आणि मेंदू म्हणतो, थांबलो. तिरकं होणं फार हळू झालं तर ते सुरुवातीलाच कळत नाही. शिवाय नीट घेतलेल्या वळणात अंगावरचा भार सरळ खुर्चीतच दाबतो. विमान चांगलं तीस अंश कललेलं असताना कपातला चहा हिंदकळतसुद्धा नाही. म्हणून ढगात शिरलेल्या पायलटनं स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवायचा नसतो.

विश्वास ठेवायचा तो समोरच्या एका गोल यंत्रावर. वरचा अर्धा भाग निळा, खालचा तपकिरी, मध्ये क्षितिजाची रेघ आणि छोटंसं विमानाचं चिन्ह. याला ॲटिट्यूड इंडिकेटर म्हणतात. जुनं नाव कृत्रिम क्षितिज. जुन्या यंत्रांत आत वेगानं फिरणारी चकती असते. विमान कसंही कललं तरी ती आपली दिशा सोडत नाही, तिच्या आधारानं क्षितिज दाखवलं जातं. अमेरिकेत जिमी डूलिटलनं २४ सप्टेंबर १९२९ रोजी कॉकपिटवर झाकण ओढून घेतलं आणि बाहेरचं काहीही न बघता, नुसत्या यंत्रांच्या भरवशावर विमान उडवून परत उतरवून दाखवलं. त्या यंत्रांत हे कृत्रिम क्षितिज होतं.

आणि ते यंत्रच खोटं बोललं तर? १ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघालं. उड्डाणानंतर त्यानं उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि ते परत सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचा ॲटिट्यूड दाखवणारा काटा उजवीकडे कललेलाच अडकून राहिला. खाली अरबी समुद्र, वर अंधार, क्षितिज कुठंच नाही. कॅप्टननं यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे घेतलं. ते मुळात सरळच होतं, त्यामुळं डावीकडे कलत कलत पार आडवं होऊन त्याच्याही पुढं गेलं. फ्लाइट इंजिनिअरनं दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण हाताशी सेकंदच उरले होते. उड्डाणापासून १०१ सेकंदांत विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात गेलं. सगळे २१३ जण गेले. विमानाची मोडतोड झालेली नव्हती, इंजिनं चालू होती. ते कसं कललंय, एवढंच चुकीचं कळलं होतं.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासात एक वाक्य हमखास भिंतीवर असतं: तुमचा ॲटिट्यूड तुमचा अल्टिट्यूड ठरवतो. ऐकायला झकास. विमानात ते अर्धं खरंही आहे, कारण पायलटला शिकवतात की नाक अमुक इतकं वर आणि इंजिनाला अमुक इतकी ताकद दिली की विमान अमुक इतक्या वेगानं चढतं. पण ताकद आणि वेग विसरून नुसतं नाक वर ठेवलं तर काय होतं, हे १ जून २००९ ला जगानं बघितलं. एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. गोंधळात पायलटनं नाक वर ओढलं. विमान जवळजवळ ३८,००० फुटांपर्यंत चढलं, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटला आणि ते पडू लागलं. पडत असतानाही नाक वरच होतं. साडेतीन मिनिटांच्या आसपास ते तसंच खाली येत राहिलं आणि अटलांटिकवर आदळलं, तेव्हाही नाक सुमारे १६ अंश वर होतं. २२८ जण गेले.

नाक कुठं बघतंय आणि विमान प्रत्यक्षात कुठं चाललंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या क्लासातल्या भिंतीवर हे वाक्य लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिथलंच दुसरं गणितही प्रसिद्ध आहे: इंग्रजी अक्षरांना एक ते सव्वीस आकडे द्या, ‘ॲटिट्यूड’ची बेरीज बरोबर शंभर येते, ‘हार्डवर्क’ची अठ्ठ्याण्णव, ‘नॉलेज’ची शहाण्णव. बेरीज खरी आहे, करून बघा. त्यातून काही सिद्ध होतं असं वाटत असेल, तर त्याच रीतीनं स्वतःच्या आडनावाचीही बेरीज करून बघावी.

उपग्रहाला तर विमानासारखं क्षितिज नाही. तिथं वर-खाली कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं. म्हणून उपग्रहावर छोटे कॅमेरे असतात. ते समोरचे तारे टिपतात, साठवलेल्या नकाशाशी ताडून बघतात आणि आपण कसे कललोय ते काढतात. वळायचं असेल तर दरवेळी इंधन जाळायला लागत नाही. आत जड चाकं असतात. चाक एका बाजूला जोरात फिरवलं की उपग्रह हळूहळू उलट्या बाजूला वळतो. ही काळजी कशासाठी, तर टीव्हीचे भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथून रोखलेला झोत नुसता एक अंश ढळला तरी खाली त्याचा मध्य सहाशे किलोमीटरच्या वर सरकतो. बेळगाववर धरलेला झोत बेंगळुरूच्याही पुढं गेला म्हणून समजा.

चांद्रयान-३ उतरत होतं ती संध्याकाळ आठवत असेल, २३ ऑगस्ट २०२३. गावोगावी शाळांत स्क्रीन लावले होते. उतरण्याचे टप्पे होते त्यात एक ‘ॲटिट्यूड होल्ड’. वाचताना डोळा हमखास ‘अल्टिट्यूड’ वाचतो. पण तिथं उंची धरून ठेवायची नव्हती, उंची तर कमी होतच होती. चंद्राभोवती फिरणारं लँडर सुरुवातीला जवळपास आडवं असतं, इंजिनांचा झोत प्रवासाच्याच दिशेला रोखून वेग मारत असतं. पाय खाली करून उतरायचं तर त्याला उभं व्हावं लागतं. साताठ किलोमीटर उंचीवर दहा सेकंदांचा हा टप्पा होता. त्यात कल स्थिर धरून यंत्रांना खालची जमीन नीट बघू द्यायची आणि मग पुढचा वेग कमी करायचा.

आकाशातून खाली येऊ. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटरची उडी घेते ती कलादगी महागटाच्या वालुकाश्मांवरून. हे नाव बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून पडलंय. धबधब्याच्या कड्याकडे नीट बघितलं तर थरावर थर रचलेले दिसतात, जवळपास आडवे. ‘आडवे’ हा झाला त्यांचा ॲटिट्यूड. थर तिरके असतील तर दोन मापं घ्यावी लागतात. तिरक्या थरावर पाणी ओतलं तर ते ज्या दिशेला सरळ खाली धावेल ती उताराची दिशा, आणि तो उतार आडव्या पातळीशी किती अंशांचा, तो डिप. त्या दिशेला काटकोनात, थरावरच काढलेली आडवी रेघ म्हणजे स्ट्राइक. तिची दिशा उत्तरेच्या मानानं मोजतात. होकायंत्र आणि कोन मोजायचं साधन एवढ्यावर काम भागतं. मुलं सहलीत हे कंटाळत करतात. पण हेच दोन आकडे जमिनीचा इतिहास सांगतात.

कसा, ते बघण्यासारखं आहे. वाळू-चिखल पाण्याच्या तळाशी साचतो तो आडवाच साचतो. हे निकोलस स्टेनोनं १६६९ साली मांडलं. म्हणजे थर तिरका दिसला की तो नंतर तिरका झालाय, मधे काहीतरी घडलंय. कलादगीच्या खडकांत दोन गट आहेत. जुना बागलकोट गट दुमडलेला, तिरका. त्याच्यावर बदामी गट, तो बऱ्यापैकी आडवा. दोन्हींचे ॲटिट्यूड जुळत नाहीत. याचा अर्थ जुने थर आधी आडवे साचले, मग दाबानं दुमडले, मग वर येऊन झिजले, आणि त्या झिजलेल्या पाठीवर परत नवे थर आडवे साचले. दोन कोनांतल्या फरकातून एवढी मोठी उलथापालथ वाचता येते. व्यवहारातही हे लागतं. घाटात रस्ता कापताना थरांचा उतार रस्त्याकडे असेल तर पावसाळ्यात दगड रस्त्यावर घसरणार. उतार डोंगराच्या आत असेल तर तोच खडक बराच सुरक्षित. खडक तोच, फरक फक्त रस्त्याच्या मानानं त्याच्या कलण्याचा.

प्रसूतिशास्त्रात या शब्दाला एक वेगळी गंमत आहे. इथं मोजमाप बाहेरच्या कशाशी नसून बाळाचं बाळाशीच असतं. बाळ उभं आहे की आडवं, डोकं खाली आहे की पायाळू, या गोष्टींना वेगळी नावं आहेत. ॲटिट्यूड म्हणजे बाळानं स्वतःचे अवयव एकमेकांशी कसे ठेवलेत ते. सहसा ते पाठीत वाकलेलं, हात छातीवर, मांड्या पोटाशी आणि हनुवटी छातीला टेकवून बसलेलं असतं. ही हनुवटी सगळ्यात महत्त्वाची. ती नीट टेकलेली असली तर डोक्याचा जो घेर पुढं येतो त्याचा व्यास साधारण साडेनऊ सेंटिमीटर. मान ताठ असली तर तोच साडेअकराच्या आसपास. मान थोडी मागे झुकून कपाळ पुढं आलं तर साडेतेरा किंवा जास्त, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचं असं कपाळ पुढं असलेलं डोकं कमरेच्या हाडांतून बहुधा येत नाही; मग सिझेरियन. गंमत अशी की मान पूर्ण मागे जाऊन चेहराच पुढं आला तर व्यास परत साडेनऊवर येतो, आणि हनुवटी आईच्या पुढच्या बाजूला असेल तर बाळंतपण नैसर्गिक होऊ शकतं. डोकं तेवढंच, हाडं तीच. चार बोटांच्या हनुवटीच्या हालचालीवर सगळं फिरतं. त्या ताठ मानेच्या स्थितीला पुस्तकात ‘मिलिटरी ॲटिट्यूड’ म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या गावातल्या नर्सिंगच्या मुलींना हे लक्षात ठेवायला सोपं जातं. परेडवरच्या जवानाची हनुवटी कशी असते हे त्यांना सांगावं लागत नाही.

तत्त्वज्ञानाकडे पटकन जाऊन येऊ. बर्ट्रांड रसेलनं एक शब्दप्रयोग रूढ केला, त्याचं सोपं मराठी असं: विधानाकडे बघण्याचा पवित्रा. ‘बेळगाव महाराष्ट्रात जाईल’ हे एक विधान घ्या. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते हवेत आहे, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. एकाला ते होईल अशी आशा आहे. दुसऱ्याला भीती आहे. तिसऱ्याला शंका आहे. चौथा म्हणतो, आता कसलं काय. विधान अक्षरही न बदलता तेच; आशा, भीती, शंका, विश्वास हे त्याच्याकडे बघण्याचे वेगवेगळे पवित्रे. यात एक खोच आहे. रट्ट राजांनी राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामला हलवली, हे एखाद्याला ठाऊक असतं. पण वेणुग्राम म्हणजेच बेळगाव हे त्याला माहीत नसेल, तर ‘रट्टांची राजधानी बेळगाव होती’ हे तो मान्य करणार नाही. गाव एकच, वस्तुस्थिती एकच, तरी एका नावानं विश्वास आहे आणि दुसऱ्या नावानं नाही. म्हणजे मनाचा पवित्रा वस्तूकडे असतोच, पण ती वस्तू त्या माणसाला कुठल्या नावानं, कुठल्या रूपात भेटली आहे, त्यावरही तो ठरतो. हे लक्षात ठेवा, मानसशास्त्रात लगेच लागणार आहे.

डार्विननं १८७२ साली भावनांच्या शारीरिक खुणांवर लिहिलं, तेव्हा ॲटिट्यूड म्हणजे अंगाची ठेवणच होती. १८८४ साली फ्रान्सिस गॉल्टननं एक अफलातून कल्पना मांडली. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या दोन माणसांना एकमेकांबद्दल ओढा असेल तर ती नकळत एकमेकांकडे झुकतात. मग खुर्च्यांच्या पायांखाली दाब मोजणारी यंत्रं ठेवली तर मनाचा ओढा मोजता येईल! शरीराचा कल आणि मनाचा कल एकाच काट्यावर मोजायचा हा बेत. पुढं मानसशास्त्रज्ञांनी खुर्ची सोडली आणि कागद धरला. लुई थर्स्टननं १९२८ साली ठणकावून सांगितलं की ॲटिट्यूड मोजता येतो. १९३२ साली रेन्सिस लिकर्टनं त्याची सोपी रीत दिली: एक विधान आणि पुढं ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय. गुगल फॉर्मवर आज जो तो हेच भरतो आणि भरून घेतो. यूपीएससीच्या नोट्समध्ये ॲटिट्यूडचे तीन भाग सांगतात: त्या गोष्टीबद्दल काय वाटतं, काय माहीत आहे असं समजतो, आणि तिच्याशी कसं वागतो.

यातला तिसरा भाग नोट्समध्ये जितका सरळ दिसतो तितका तो नाही. रिचर्ड लापिएर हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका तरुण चिनी जोडप्यासोबत मोटारीनं देशभर फिरला. तेव्हा तिकडं चिनी लोकांबद्दल उघड द्वेष होता. अडीचशेच्या आसपास हॉटेलं आणि खाणावळी झाल्या. फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्यानं त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, चिनी वंशाच्या माणसांना तुम्ही पाहुणे म्हणून घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ म्हटलं. १९३४ साली हे छापून आलं आणि तेव्हापासून प्रश्न पडला: माणूस जे सांगतो त्याचा आणि जे करतो त्याचा संबंध आहे की नाही?

सीमाभागात राहणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. सभेत भाषेवरून तावातावानं बोलणारा माणूस तासाभरानं खडेबाजारात कन्नड बोलणाऱ्या दुकानदाराशी कन्नडमध्येच घासाघीस करतो, दुकानदार मधेच मराठीत ‘बसा की ओ’ म्हणतो, आणि दोघांनाही यात काही विसंगत वाटत नाही. ढोंग म्हणून हे उडवून लावता येतं. मला ते बरोबर वाटत नाही.

कारण लापिएरच्या पत्रात प्रश्न होता ‘चिनी वंशाची माणसं’ या कल्पनेबद्दल. दारात उभं होतं ते एक नीटनेटकं, हसतमुख जोडपं, सोबत गोरा प्राध्यापक. ज्या गोष्टीकडे बघायचं तीच दोन्ही वेळी वेगळी होती. वेणुग्राम आणि बेळगाव. तसंच सभेतला ॲटिट्यूड राज्याच्या सीमेकडे असतो. खडेबाजारातला ॲटिट्यूड समोरच्या माणसाकडे आणि साडीच्या किमतीकडे.

हे नुसतं पटवून देण्यापुरतं नाही, मोजूनही झालंय. अँड्र्यू डेव्हिडसन आणि जेम्स जॅकार्ड यांनी १९७९ साली एक अभ्यास छापला. विवाहित स्त्रियांना त्यांनी संततिनियमनाबद्दल वेगवेगळ्या पातळीवर विचारलं आणि दोन वर्षांनी त्यांनी गोळ्या घेतल्या की नाही ते बघितलं. ‘संततिनियमनाबद्दल तुमचं मत काय’ या ढोबळ प्रश्नाच्या उत्तराचा वागण्याशी सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) निघाला ०.०८, म्हणजे जवळपास नाहीच. ‘गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल मत’ विचारलं तर आकडा बराच वर गेला. आणि ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याबद्दल तुमचं मत काय’ असं विचारल्यावर तो ०.५७ झाला. बायका त्याच. प्रश्न कशाकडे रोखलाय, तेवढं बदललं.

राणी चन्नम्मा विद्यापीठात एमएसाठी भाषेवर प्रश्नावली करणारी मुलं भेटतात, त्यांच्याशी बोलताना मला हे दरवेळी आठवतं. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक असा असतो: ‘मराठी भाषेबद्दल तुमचा ॲटिट्यूड कसा आहे?’ आणि पुढं पाच पर्याय. बेळगावात, खानापुरात, निपाणीत मराठी माणसाला हे विचारलं तर तो ‘अतिशय चांगला’वरच टिक करणार, दुसरं काही करायला तो वेडा आहे का? मधल्या पर्यायावर कुणी टिक केली तर त्याला बहुधा तटस्थ नसून ‘तुला कशाला सांगू’ म्हणायचं असतं. यातून कळत काहीच नाही. येत्या जूनमध्ये धाकट्याला मराठी शाळेत घालणार का. दवाखान्यात डॉक्टरशी पहिलं वाक्य कुठल्या भाषेत बोलता. लग्नाची पत्रिका किती भाषांत छापलीत, आणि मुलीकडचे हुक्केरीचे, कन्नड बोलणारे असतील तर कितीत छापाल. असे प्रश्न टाकले की उत्तरं एकमेकांशी भांडू लागतात, एकाच घरात सासरा एक सांगतो आणि सून दुसरं, आणि प्रबंधाचं खरं काम तिथून सुरू होतं.